रापणीची वाळू

शहापूर, बेळगाव

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून जीव तुटला मर्दा. माडाच्या बागेपासून थेट वाळूपर्यंत रिसॉर्टचं तारेचं कुंपण, तुमची होडी खाडीकडे हलवलेली, आणि वर तो मॅनेजर म्हणतो, "समुद्रात जायला कोण अडवतंय?"

रापण म्हणजे काय हे त्या माणसाला ठाऊकच नाही. होडीनं जाळ्याचा फेर टाकला तरी दोन्ही टोकांचे दोर ओढायचे किनाऱ्यावरूनच. ट्रॉलरला बंदर पुरतं, रापणकराला लांबलचक मोकळी वाळू लागते. दोराला हात लावेल त्याला वाटा, म्हणून तर होडी नसलेल्या घरातही चूल पेटते. भरपाई ठरेल ती होडीमालकांची. दोर ओढणाऱ्यांना कोण विचारणार?

हिडकल धरणाच्या वेळचं आजोबा सांगायचे. ज्याच्या नावावर उतारा, त्याच्या हातात पैसे. घटप्रभेत जाळं टाकणाऱ्या भोयांनी नदीचा उतारा कुठून आणायचा?

सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांवर बंधनं घालणारे केंद्राचे नियम समुद्रकिनाऱ्याला आणि भरतीचं पाणी शिरतं त्या खाड्या-नद्यांच्या काठालाच, आमच्या धरणांना ते लागत नाहीत. तुम्हाला लागतात, म्हणून एवढं लिहितोय. १९९१ च्या अधिसूचनेनं ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर पट्टा नव्या बांधकामाला बंद केला. २०१९ च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त माणसं असतील तिथं, तो ५० मीटरवर आणला. मला हा अन्यायच वाटतो, कारण किनाऱ्याला दाटीवाटीनं राहतात ती कोळी-गाबितांचीच घरं. तुमचं गाव कशात बसतं, ते आधी बघ.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. २०११ च्या अधिसूचनेत गावपातळीच्या नकाशावर मच्छीमारांच्या सामाईक जागा, मासळी वाळवायच्या जागा दाखवायला सांगितलं होतं. ग्रामपंचायतीत तो नकाशा माग. रापणीची वाळू त्यावर नसेल तर लेखी हरकत घ्यायची. तुझ्या आईला आणि वाड्यातल्या म्हाताऱ्यांना बसवून कुठून कुठवर रापण लागायची ते लिहून काढ. मच्छीमार सोसायटीच्या जुन्या पावत्या, फोटो, सगळं गोळा कर.

अर्ज मी लिहितो. शनिवारी आंबोलीच्या गाडीनं येतोय. तोवर कुणालाही कसल्याच कागदावर सही करू देऊ नकोस.

आईंना नमस्कार.

तुझा,
विश्वास