पैदासकार बियाण्याचा पैसा मेअखेर हवा

महोदय,

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या अनुदानाची चर्चा वेतन आणि रिक्त पदांपाशी थांबते. तो प्रश्न मोठा आहेच. पण वेतन अडवता येत नाही, म्हणून कात्री लागते ती वेतनेतर खर्चाला: मजुरी, डिझेल, खते-औषधे. बियाणे मात्र याच पैशांवर उभे असते.

सोयाबीनचेच पाहा. पैदासकार बियाणे म्हणजे वाण पैदा करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या, म्हणजे पैदासकाराच्या, देखरेखीखाली घेतलेले मूळ शुद्ध बियाणे. त्याच्या प्लॉटमधून भेसळीची झाडे तीनदा उपटावी लागतात. एकदा फुलांआधी, मग फुलोऱ्यात फुलाचा जांभळा-पांढरा रंग पाहून आणि शेवटी पक्वतेच्या वेळी शेंगेवरची लव पाहून. फुलोरा ओसरला की रंगावरून ओळखायची संधी गेली. तेव्हा मजूर नसतील तर नंतर आलेला निधी निरुपयोगी. काढणी लांबली तर शेंगा तडकतात. मळणी 13-14 टक्के ओलाव्यावर, यंत्राचे फेरे मिनिटाला 350 ते 400 ठेवून करायची असते. घाईत फेरे वाढवले की बियाण्याचे नाजूक टरफल फुटते आणि उगवण 70 टक्क्यांच्या किमान मर्यादेखाली जाते.

नुकसान किती? हेक्टरी 75 किलो बियाणे आणि 15 क्विंटल उत्पादन धरा, म्हणजे एकाचे वीस. 1 क्विंटल पैदासकार बियाण्याचे पुढच्या खरिपात 20 क्विंटल पायाभूत (मधल्या पायरीचे) आणि त्याच्या पुढच्या खरिपात 400 क्विंटल प्रमाणित, म्हणजे शेतकऱ्याला विकायचे, बियाणे होते. प्रतवारीतील घट धरली नाही, तर ही पाचशेहून अधिक हेक्टरची पेरणी. आज बुडालेल्या क्विंटलची झळ शेतकऱ्याला तिसऱ्या खरिपात बसते, तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहत नाही.

विद्यापीठांनी स्वतःचे उत्पन्न वाढवावे, असे सांगितले जाते. बियाणे विक्रीचा पैसा काढणीनंतर येतो; खर्च जूनपासून सुरू होतो. शिवाय संकरातून निघालेल्या ओळी (निवडलेल्या झाडांचे वंश) आणि पुढच्या पिढ्यांच्या निवडीत विकण्यासारखे काहीच नसते, आणि नवा वाण यायला दहा-बारा वर्षे लागतात. सोयाबीन, हरभरा ही सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांची पिके. शेतकरी घरचे बियाणे राखतो, तो त्याचा हक्कच आहे. दरवर्षी विक्रीची खात्री नसल्याने खासगी कंपन्यांचा ओढा संकरित मका-कापसाकडे. पाडेगावचा फुले 265 ऊस, बदनापूरची बीडीएन 711 तूर किंवा कसबे डिग्रजचे फुले संगम सोयाबीन सार्वजनिक पैशांतूनच आले.

म्हणून अर्थसंकल्पात पैदास आणि बीजोत्पादनाचे स्वतंत्र लेखाशीर्ष (खर्चाचे वेगळे खाते) असावे, ते इतर खर्चाकडे वळवता येऊ नये. खरिपाचा हप्ता 31 मेपूर्वी प्रक्षेत्रावर (विद्यापीठाच्या शेतावर) पोहोचावा. अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पांत (केंद्र आणि राज्याच्या पैशांतून चालणाऱ्या पीक संशोधनात) केंद्राच्या 75 टक्क्यांसोबतचा राज्याचा 25 टक्के वाटा वेळेवर जमा व्हावा. आणि पैदासकाराच्या पदावरील व्यक्ती निवृत्त होण्याआधी किमान एक पूर्ण हंगाम नव्या नेमणुकीला तिच्यासोबत मिळावा. कोणत्या ओळीत काय दडले आहे, हे नोंदवहीत सगळे उतरत नाही.

आपले,
बीजोत्पादन कार्यातील काही निवृत्त कर्मचारी