संध्याकाळी कोणती कॅसेट ऐकता, असं विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

तुम्ही दुरुस्त करून दिलेला माझा टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेटचं यंत्र एकाच संचात) उत्तम वाजतोय. मजुरीचा हिशेब त्याच दिवशी झाला, आभार मात्र राहून गेले. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, आणि तेव्हा बोलायला गेले असते तर रडूच आलं असतं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. पुण्यात कितीतरी घरांच्या माळ्यावर असे संच आणि घरी गाणी भरलेल्या कॅसेटचे खोके पडून आहेत. त्यांच्या मालकांना बाजारात "याचं आता काही होत नाही" एवढंच ऐकायला मिळतं. होतं, हे त्यांना कळायला हवं.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे हा संच गेला त्यांच्याबद्दल राग अजून गेलेला नाही. एकाने उघडूनही पाहिलं नाही. ब्लूटूथ स्पीकर घ्या, "रिलॅक्सिंग" असं लिहून शोधा, रात्रभर गाणी संपणार नाहीत, म्हणाला. दुसऱ्याने उघडला आणि होता त्याहून बिघडवून दिला. आतला रबरी पट्टा सैल पडला होता, तर हाताला लागेल तो घट्ट पट्टा चढवला. नवा पट्टा मोजून घ्यावा लागतो: पुलींभोवती दोरा फिरवून घेर काढायचा आणि त्याहून साधारण 5 टक्के लहान पट्टा निवडायचा. फार घट्ट असेल तर मोटरचा बुश (तिची दांडी ज्यात फिरते ती कडी) एका बाजूने झिजतो आणि लांबवलेला स्वर थरथरू लागतो. फार सैल असेल तर गुंडाळणारं चाक फिरत नाही, कॅपस्टन, म्हणजे फीत ओढणारी फिरती दांडी, मात्र ती पुढे ढकलत राहते, आणि फीत पिंच रोलरभोवती (फितीला त्या दांडीवर दाबणारं रबरी चाक) गुंडाळून चुरगळते. त्यात या माणसाने वेगाचा स्क्रू अंदाजाने फिरवला. वेग 6 टक्क्यांनी वाढला की गाणं जवळजवळ अर्धा स्वर वर चढतं. ओळखीचा आवाज पातळ आणि घाईत असल्यासारखा येतो, आणि दिवसभर थकलेल्या माणसाला नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही, फक्त ऐकवत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे आवाज दबका येतोय असं सांगितल्यावर त्याने हेडचा, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, स्क्रूही फिरवला, आणि "झालं" म्हणून संच हातात दिला.

तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर उचलायच्या आधी एक प्रश्न विचारलात: "कामावरून आल्यावर संध्याकाळी कोणती कॅसेट ऐकता? ती घेऊन या. विकतची नको, घरी भरलेली आणा." हा प्रश्न आधी कुणीच विचारला नव्हता, आणि सगळी दुरुस्ती त्यातच होती. का, ते इतरांसाठी जरा सविस्तर लिहिते.

कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटीमीटर इतक्या संथ वेगाने सरकते. त्यामुळे 10,000 हर्ट्झच्या आवाजाची एक अख्खी लहर फितीवर 5 मायक्रॉनहूनही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी जागेत मावते. हेडमधली फट फितीला बरोबर काटकोनात नसेल, थोडीशीही कलली, तर हे बारीक आवाज पुसले जातात. खर्ज तसाच राहतो, स, श, च बोथट होतात, तंबोऱ्याची जवारी, तारांचा तो गुंजणारा झंकार, जाते. म्हणून दुरुस्ती करणारे काटकोन कसोशीने साधतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

पण टू-इन-वनमध्ये भरायला आणि वाजवायला एकच हेड असतं. ते मुळातच कललेलं असलं तर त्यावर भरलेली फीतही त्याच कलात भरली जाते, आणि त्याच यंत्रावर ती स्वच्छ वाजते. दोष स्वतःला झाकून टाकतो. अशा घरात विकतच्या कॅसेट दबक्या वाजतात आणि दोष मात्र कंपनीच्या माथी मारला जातो. आमच्याकडे हेच होतं. त्यावर त्या गृहस्थांनी स्क्रू फिरवला आणि यंत्राचा जुना कोन हरवला. तो कोन आता जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता, त्या भरलेल्या फितींमध्ये. तुम्ही तो फितीतून परत काढलात.

त्यासाठी गाणं निवडण्यातही तुमचा कान दिसला. पहिलं हाताला लागलं ते "मालवून टाक दीप". तुम्ही ते दोन ओळींत थांबवलंत, कारण म, ल, व ही मऊ अक्षरं. हेड कललेलं असलं तरी ती फारशी बिघडत नाहीत. मग "शुक्रतारा मंद वारा" लावलंत. अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचा मऊ आवाज, श्रीनिवास खळ्यांची संथ चाल, आणि सुरुवातच "शु"ने. त्या एका अक्षरात कल लगेच ऐकू येतो. डावा आणि उजवा आवाज एकत्र करून, म्हणजे मोनोमध्ये, ऐकत, स्क्रू पाव फेऱ्याच्या आतच इकडे-तिकडे हलवत, "शु" जिथे सगळ्यात लख्ख आला तिथे थांबलात. मग "श्रावणात घननिळा बरसला"वर पुन्हा खात्री केलीत. घरी करू पाहणाऱ्यांना सांगते: स्क्रू-ड्रायव्हर चुंबकीय नको, हेडच्या दोन स्क्रूंपैकी स्प्रिंग असलेलाच फिरवायचा, आणि आधी मूळ जागेवर खूण करायची. ती खूण न केल्यामुळेच आमच्याकडे एवढं रामायण झालं.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र आहे ती. तुम्ही स्क्रूवर दोन ठिपके दिलेत. पांढरा ठिपका घरच्या कॅसेटसाठी, लाल विकतच्या कॅसेटसाठी. स्क्रू पांढऱ्यावर ठेवून वर लाखेचा थेंब सोडलात, आणि बॅटरीच्या कप्प्याच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवलीत: "पांढरा – घरच्या. लाल – विकतच्या. संध्याकाळी पांढऱ्यावरच ठेवा." ही चिठ्ठी तुम्ही दाखवलीतही नाही. सेल घालताना दिसली. पुढे कधी हा संच दुसऱ्या कुणाच्या हातात गेला तरी त्याला कळावं, कोन पुन्हा हरवू नये, इतका पुढचा विचार त्या चार बोटांच्या कागदात आहे. काका, पट्टे काय, कुणी ना कुणी बदललेच असते. ही चिठ्ठी दुसऱ्या कुणी लिहिली नसती.

बाकीची कामंही तितकीच चोख. पिंच रोलर कडक होऊन चकाकत होता, तो बदललात. वेग 3,000 हर्ट्झच्या चाचणी कॅसेटवर मोजून लावलात. स्पीकरमध्ये सतत घुमणारा आवाज 100 हर्ट्झचा आहे, म्हणजे आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचा दुप्पट, म्हणजे विजेतली ही घरघर गाळणारा कपॅसिटर सुकला, हे ऐकूनच सांगितलंत आणि 2,200 मायक्रोफॅरडचा नवा टाकलात. व्हॉल्यूमची खरखर आवाजाचं बटण न बदलता क्लीनर फवारून, वीसेकदा पूर्ण फिरवून घालवलीत, आणि बदलायची गरज नाही हे स्वतःहून सांगितलंत. काढलेले सुटे भाग पुडीत बांधून परत दिलेत. न केलेल्या कामाचे पैसे सहज लावता आले असते, आम्हाला कळलंही नसतं. या शहरात अशी माणसं अजून आहेत: मापात कसर न करणारे शिंपी, "एवढ्यासाठी नवं घेऊ नका" म्हणणारे सायकलवाले, घड्याळ उघडून "सेलच संपलाय" असं खरं सांगणारे. त्यांच्या दुकानावर मोठ्या पाट्या नसतात. पण दिवसभर ऑफिसात गोड शब्दांत फसवाफसवी ऐकलेल्या माणसाला त्यांच्या टेबलासमोर दहा मिनिटं उभं राहिलं तरी बरं वाटतं.

स्पीकरवर "रिलॅक्सिंग" लावा म्हणणाऱ्यांना एक उत्तर द्यायचं आहे. हिंजवडीहून गर्दीतून घरी पोचल्यावर एकट्याने ऐकायची गाणी न संपणारी असून चालत नाहीत. 60 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 30 मिनिटांची. ती संपली की बटण खट्कन वर येतं, आणि उठून दिवा लावायचा, कुकर लावायचा. गाणी निवडत बसावं लागत नाही, मध्ये जाहिरात येत नाही, शांत गाण्यामागून एकदम ढोल वाजत नाहीत. क्रमही कुणीतरी विचार करून भरलेला असतो. तुमच्याकडे आणलेल्या माझ्या कॅसेटच्या पहिल्या बाजूवर आकाशवाणी पुणे केंद्रावरून, 792 किलोहर्ट्झवरून, भरलेली गीतरामायणातली गाणी आहेत. गदिमांचे शब्द आणि बाबूजींच्या (सुधीर फडके) चाली असलेली ही 56 गाणी याच केंद्रावरून 1 एप्रिल 1955 पासून पहिल्यांदा वाजली. मध्यम लहरींवर दोन केंद्रांमध्ये 9 किलोहर्ट्झचंच अंतर, त्यामुळे गाण्यातले बारीक आवाज ढोबळमानाने साडेचार किलोहर्ट्झच्या पुढे जातच नाहीत. हेड कललं की त्या थोडक्यातलंही जातं, आणि शब्द कळेनासे होतात. गदिमांचे शब्द कळले नाहीत तर मग उरलं काय! दुसऱ्या बाजूला तबकड्यांवरून उतरवलेली भावगीतं. त्यांचा क्रम उतरत्या लयीचा आहे: आधी जरा चालती गाणी, मग संथ, शेवटी "मालवून टाक दीप". दमलेल्या माणसाला एकदम संथ गाणं सोसत नाही. डोकं अजून गाडीच्या वेगात असतं, त्याला पायरी पायरीने खाली आणावं लागतं. ज्यांनी ही बाजू भरली त्यांना हे ठाऊक होतं. आवाज शेजारच्या खोलीत शब्द कळणार नाहीत इतपतच ठेवावा. पंखा मोठा असेल तर आवाज वाढवण्यापेक्षा पंखा कमी करावा.

निघताना तुम्ही तोंडी सांगितलंत तेही इथे लिहून ठेवते. हेड आणि कॅपस्टन दहा-पंधरा कॅसेटनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसायचे आणि पाच मिनिटं सुकू द्यायचे. रबरी रोलरला अल्कोहोल नको, ते रबर सुकवतं. त्याला साबणाच्या पाण्याचा ओलसर कपडा. कॅसेट उभ्या ठेवायच्या, स्पीकरपासून लांब, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून. वर्षातून एकदा प्रत्येक कॅसेट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवायची. मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन तुकडे मोडून टाकायचे, म्हणजे चुकून त्यावर काही भरलं जात नाही. एखादीच कॅसेट दबकी वाजत असेल तर हेडला हात लावण्याआधी तिच्यातली फेल्टची गादी पाहायची. गोंद सुकून ती पडलेली असते, फीत हेडला टेकतच नाही. 120 मिनिटांच्या कॅसेटची फीत फार पातळ. ती सारखी पुढे-मागे करायची नाही.

आमच्या सोसायटीतल्या आजींकडे एक डेक (नुसतं कॅसेटचं यंत्र) आहे, झाकण उघडत नाही. त्यांच्या कॅसेट भावाच्या यंत्रावर भरलेल्या, आणि ते यंत्र आता नाही. म्हणजे तो कोन पुन्हा वेगळा असणार. त्यातल्या काहींच्या फितीच्या कडेला पावसाळ्यातली पांढरी बुरशी दिसतेय. ती हेडवरून दुसऱ्या कॅसेटना लागते असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून त्यांतली एकही वाजवून पाहिलेली नाही. येत्या शनिवारी डेकबरोबर त्या वेगळ्या पिशवीत बांधून आणते.

आपली कृतज्ञ,
कोथरूडची एक श्रोती