पालक गट : रविवारच्या बैठकीची सूचना

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता कोथरूडला, नेहमीच्याच हॉलमध्ये भेटतोय. विषय : मुलांना कामाला सुरुवात करणं, लक्षात ठेवणं, स्वतःला आवरणं जड का जातं?

मागच्या वेळी निम्मा वेळ ‘आमचा आळशीच आहे’ यात गेला. या वेळी तो शब्द चपलांबरोबर बाहेर ठेवू या. गृहपाठ करूनही वही दप्तरातच विसरणारं, ‘दात घास, कपडे बदल, दप्तर भर’ यातलं पहिलंच काम करून थांबणारं, प्रकल्प आदल्या रात्री १० वाजता आठवणारं, ठरलेला बेत बदलला की आकांत करणारं मूल मुद्दाम तसं वागतं असं नाही. या कामांत मेंदूच्या पुढच्या भागाचा मोठा वाटा असतो आणि तो पंचविशीपर्यंत घडत राहतो. त्यामुळे थोडं विसरणं साहजिकच (आपणही हेल्मेट विसरतोच की!). पण बरोबरीच्या मुलांपेक्षा ठळकपणे, घरी आणि शाळेतही, महिनोन्‌महिने हेच चाललं असेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञांना दाखवा. एडीएचडीत (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं जड जाणारी, मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था) हे बऱ्याचदा दिसतं, पण अपुरी झोप किंवा चिंता हेही कारण असू शकतं. म्हणून गटावर निदान मागू नका, देऊही नका.

येताना आठवडाभराची नोंद आणा : काय अडलं, कधी, कुठे. मुलांना आणू नका, त्यांच्यादेखत ही चर्चा नको. पार्किंगची बोंब आहे, शक्यतो दुचाकीनेच या.