आई-बाबा, नोंदणी झाली, आता पूर्ण वाचा

आई, बाबा,

फोनवरच सांगणार होतो, पण बाबा तुम्ही 'बरं बरं' करून फोन आईकडे देता आणि आई रडायला लागते, म्हणून लिहितोय.

नोकरी सोडली, आता स्वतःची बांधकामाची ठेकेदारी करणार. पीडब्ल्यूडीत सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी झाली, जीएसटी नंबर आला, महाटेंडर या सरकारी टेंडरच्या वेबसाइटसाठी डिजिटल सही पण काढली. आधी बोललो नाही कारण तुम्ही नको म्हणाला असता आणि तुमचं नको मला मोडता येत नाही.

तुम्ही बांधलेल्या शाळेच्या खोल्यांचं लटकलेलं बिल मी विसरलेलो नाही बाबा. त्यात गेलेल्या आईच्या पाटल्या पण नाही. सरकारी बिलं अजूनही लटकतात, खोटं कशाला सांगू, म्हणून सुरुवात तिथून करतच नाहीये. नोंदणी फक्त करून ठेवली, कारण छोट्या सरकारी कामांत काही वाटा अशा अभियंत्यांना, काही मजूर संस्थांना आणि काही बाकीच्यांना असं वाटप असतं, पुढेमागे एखादं मिळेल. ओपन टेंडरमध्ये लोक सरकारी अंदाजापेक्षा २०-२५ टक्के बिलो, म्हणजे कमी दर भरतात आणि मग सिमेंटमध्ये हात मारतात, तिकडे मी जाणार नाही.

पहिलं काम कराडला, एक मजली बंगला. नुसता मजुरीचा ठेका, चौरस फुटावर. सिमेंट, सळई, क्रश सँड सगळं मालकाचं, आपली माणसं आणि सेंट्रिंग (स्लॅबच्या साच्याचं सामान), ते पण भाड्याने. पैसे टप्प्याने, जोतं झालं की, स्लॅब झाला की, प्लास्टर झालं की, आणि हे सगळं स्टॅम्प पेपरवर. तुमच्या वेळी शब्दावर चालायचं, तुम्ही तुमचा पाळला, समोरच्याने नाही पाळला त्याला तुम्ही काय करणार. धंद्यासाठी घरावर कर्ज काढलेलं नाही, काढणार पण नाही. कामगारांचा विमा उतरवलाय. बांधकाम कामगार मंडळातल्या नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला ठेकेदार पण देतो ना, तर एक गवंडी काम सुरू व्हायच्या आधीच मंडळाकडून मिळणाऱ्या भांड्यांच्या सेटचं विचारत होता, आई तुला हसू येईल.

लहानपणी लेव्हलची पाण्याची नळी धरून उभं करायचात तुम्ही मला, हलू नको म्हणायचात, आणि मी पाण्यातला बुडबुडा शोधत बसायचो कारण तो राहिला की लेव्हल चुकते हे तुम्ही सांगितलेलं. आता लेव्हल बघायचं मशीन, ऑटो लेव्हल, घेतलंय मी, पण ती नळी माळ्यावर असेल तर टाकू नका.

माझ्या जेवणाची काळजी नको, डबा लावलाय, रात्री घरीच असतो. घराचा हप्ता हिच्या पगारातून जातो. तुमच्या औषधांचे पैसे ५ तारखेला येणारच, ते खातं वेगळं ठेवलंय, साइटचा रुपया त्याला लागत नाही.

आता ऐका. बीपीची गोळी सकाळीच, बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. टाकीवर चढायचं नाही. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला नाही आणला. रविवारी माणूस पाठवतोय, बाथरूमची गुळगुळीत फरशी काढून खरखरीत टाईल आणि धरायला स्टीलचा रॉड लावेल. तुम्हाला जमत नाही म्हणून नाही हो बाबा, माझ्या जिवाला बरं. आई, त्याला चहा दे, पण बाबांना थापी हातात घेऊ देऊ नकोस.

तुमचा,
बाळू