चादरीवरचा तांबडा

प्रिय सुध्या,

तुझ्या तीन पत्रांना उत्तर नाही, मान्य. तब्येत बरी, पित्त जुनंच. शिव्या नंतर घाल.

माईचं चित्र अडलंय. नऊवारी, गळ्यात मंगळसूत्र आणि क्रूस, डोक्यावर चर्चमध्ये मिसला, म्हणजे प्रार्थनेला, जातानाची पांढरी चादर. मंगळसूत्र, क्रूस जमले. चादर गेली.

वॉशमध्ये करतोय, ३०० जीएसएमच्या जाड सुती कागदावर. पातळ रंग लावायचा, खडखडीत वाळवायचा, मग अख्खा कागद पाण्यात बुडवायचा. सुटा रंग निघतो, मुरलेला राहतो. कागद ओलसर असतानाच रुंद ब्रशने सगळ्यावर एक पातळ हात. वाळला की पुन्हा तेच, सात-आठ वेळा. आषाढात कागद नुसता वाळल्यासारखा दिसतो. गालाला लावला आणि गार लागला तर आत ओल आहेच. मी तो तसाच बुडवला नि लुगड्याचा तांबडा चादरीत उतरला. ओल्या ब्रशने उचलायला गेलो, पण अलिझरिन हा तांबडा रंग, अल्ट्रामरीन निळ्यासारखा सुटत नाही. त्यात सारखं भिजवून कागदाची खळ गेलीय, त्यामुळे नवा रंग टिपकागदासारखा शोषला जाऊन मळकट होतो. वॉशमधला पांढरा म्हणजे कोरा कागद. वरून पोस्टरचा पांढरा दिला तर भिंतीला चुना!

आणि हो, ‘वॉश म्हणजे अस्सल देशी’ म्हणून कँटीनमध्ये माझा चहा सांडला होतास ना? १९०३ च्या सुमारास जपानी चित्रकार योकोयामा ताईकान कलकत्त्याला आला, त्याचं बघून चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांनी ही रीत घडवली. अर्धी जपानी! ती शांतिनिकेतनात शिकला आपला गोव्यातल्या जुव्याचा चित्रकार अँजेलो द फोन्सेका, आणि त्याने चित्रात मेरीला साडी नेसवली. गोव्यात पाद्री चिडले. मग पुण्यात ख्रिस्ती आश्रमात राहून चित्रं काढली, १९६७ मध्ये गेला तोही पुण्यातच. चहाचे पैसे व्याजासकट पाठव.

पंचाईत अशी, की तो डाग बरोबर कपाळावर आलाय. कुंकू पुसल्यासारखा. बाबांकडचे म्हणतील पुसलं का, आजोळचे म्हणतील लावलं का. आणि मला तो आवडायला लागलाय.

धाकटीच्या बारावीचं काय झालं? वहिनींची बदली रद्द झाली का? कळव.

तसल्याच कागदाच्या पट्टीवर तसाच डाग पाडून सोबत पाठवतोय, अर्ध्या डागावर पांढरा लावून, अर्धा उघडा ठेवून. खिडकीपाशी धर आणि सांग. फोटो मागू नकोस, त्यात हा तांबडा नुसता तपकिरी दिसतो.

तुझा,
बाळ्या