ताईंच्या शेजारी स्टूल ओढून बसलास, त्याबद्दल

नाव लिहू नका काकू असं बजावून गेलास म्हणून नाव लिहीत नाही, पण ज्याला कळायचं त्याला कळेल.

तू बहिणीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला आला होतास. नारायण पेठेतला आमचा एवढासा प्रेस, तीन कॉम्प्युटर, सोमवारची सकाळ आणि आत नुसता आरडाओरडा, कारण कोरलची, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरची, एकही फाइल उघडत नव्हती, प्रत्येक नावाला भलतंच शेपूट लागलेलं आणि डेस्कटॉपवर इंग्रजीत चिठ्ठी, पैसे भरा नाहीतर डेटा विसरा. दुसरं कोणी असतं तर उद्या येतो म्हणून सटकलं असतं. तू म्हणालास, काकू आधी नेटच्या वायरी काढा, तिन्ही मशीनच्या. तेवढ्यानं बिलिंगचं मशीन वाचलं, नाहीतर टॅलीतला हिशोबपण गेला असता.

त्याचे आभार आहेतच. पण मला लिहायचंय ते वेगळंच.

सकाळपासून प्रेसमध्ये एकच प्रश्न चालू होता, कोणी उघडलं? दिरांनी विचारलं, ह्यांनी फोनवरून विचारलं, आणि खोटं कशाला बोलू, मी तीनदा विचारलं. उघडलं होतं डीटीपीवाल्या, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर मांडणाऱ्या ताईंनी. पर्चेस ऑर्डर म्हणून मेल आली, पीडीएफचं चित्र होतं, क्लिक केलं. नावाच्या शेवटी ईएक्सई होतं, म्हणजे पीडीएफ नव्हे तर चालू होणारा प्रोग्रॅम, पण ते शेपूट विंडोज आपणहून दाखवत नाही, लपवून ठेवतं, हे आम्हाला तू सांगितल्यावर कळलं. एकोणीस वर्षं आमच्याकडे आहेत ताई. कटिंग मशीनजवळ नुसत्या उभ्या होत्या, हातातल्या चहावर साय धरली होती.

तू तो प्रश्न विचारलाच नाहीस. कागदाच्या रिमांपाशी पडलेलं स्टूल ओढलंस, ताईंच्या खुर्चीशेजारी ठेवलंस आणि म्हणालास, ताई तुम्ही बसा, फाइली तुम्हालाच माहितीयत, मी शेजारी बसतो. वर म्हणालास, आमच्या ऑफिसात मुद्दाम अशा खोट्या मेल पाठवून परीक्षा घेतात, त्यात मी दोनदा नापास झालोय. ताई हसल्या. त्या दिवशी प्रेसमध्ये हसलेलं पहिलं माणूस.

आणि मग तू विचारलंस, ताई, गिऱ्हाइकाला प्रूफ कसं पाठवता? मेलवर, पीडीएफ. झालं! ताईंच्या सेंट मेलमध्ये कित्येक वर्षांचं काम पडलेलं होतं, ओळीनं. जिला आम्ही सकाळपासून झोडपत होतो तिच्याच सवयीनं प्रेस वाचला, आणि हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आता आमच्या एएमसीवाल्याबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरच्या देखभालीचा वार्षिक करार घेतलेल्या माणसाबद्दल. वर्षाला सहा हजार घ्यायचा. फोन केला तर म्हणाला फॉरमॅट मारावं लागेल आणि स्टाफला सांगा काहीही उघडत जाऊ नका. अरे एएमसीवाल्या, क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं कोरल तूच टाकलंस, अँटिव्हायरस तो क्रॅक पकडतो म्हणून तूच बंद केलास, वर मशीन स्लो होतं म्हणून तसाच ठेवायला सांगितलंस, आणि बॅकअपची हार्डडिस्क कायम मशीनलाच लटकवून ठेवलीस, त्यामुळे तीपण लॉक झाली. ज्या पुण्यात कॅल्क्युलेटर रिपेअरच्या दुकानातून क्विक हीलसारखी अँटिव्हायरसची कंपनी उभी राहिली त्या पुण्यात आम्ही अँटिव्हायरस बंद करून बसलो होतो. चूक आमचीपण, फुकटचं गोड लागतं.

तू खोटी आशापण दाखवली नाहीस. युरोपोल (युरोपची पोलीस संस्था) आणि डच पोलिसांनी वगैरे मिळून काढलेल्या, लॉक उघडायच्या फुकट चाव्या देणाऱ्या नो मोर रॅन्समच्या साइटवर बघितलंस, आमच्यावाल्या व्हायरसची चावी तिथे नव्हती, तसं तोंडावर सांगितलंस. लॉक झालेल्या फाइली पुसू नका, पुढेमागे चावी निघू शकते, पैसे मात्र भरू नका, आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० या नंबरवर तक्रार करा. चहा पिताना वॉनाक्राय नावाच्या अशाच फाइली लॉक करणाऱ्या व्हायरसचं सांगितलंस, २०१७ च्या मार्चमध्ये विंडोजचं अपडेट आलं, मे महिन्यात हल्ला झाला, आणि मधल्या काळात ज्यांनी अपडेट उद्यावर ढकललं ते अडकले. मी गप्प बसले कारण रोज ते उद्यावर ढकलणारी मीच.

पुण्यात फुकट सल्ला ढिगानं मिळतो, शेजारी बसून देणारा विरळा. तूपण शहाणपण दाखवू शकला असतास, येत होतं तुला सगळं, पण समोरच्याला लाज वाटू न देता मदत करणं हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत, तुझ्या आईला नमस्कार सांग.

आता दोन हार्डडिस्क आहेत. ताईंनी स्वतःच्या अक्षरात चिकटपट्टीवर सोमवार आणि गुरुवार लिहिलंय, काम झालं की काढतात, एक कपाटात आणि एक त्यांच्या डब्याच्या पिशवीतून घरी. अनोळखी मेल आली की दोन्ही हात वर करून मला हाक मारतात.

पैसे घेतले नाहीस, उलट पत्रिकेचं बिल पूर्ण भरून गेलास. आणि छापून आलेली पहिली पत्रिका तिथेच उभ्याउभ्या ताईंच्या नावानं लिहून त्यांच्या हातात दिलीस. त्या येणार आहेत, साडीसुद्धा ठरलीय. मीपण येतेय, मला दिली नसलीस तरी.