हेड खोलण्याआधी पुरावा दाखवा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुनी पेट्रोल मोटार बाळगणाऱ्याला पावसाळ्यात गॅरेजमध्ये एक वाक्य कधी ना कधी ऐकावे लागते : ‘साहेब, हेड गॅस्केट गेलंय, हेड खोलावं लागेल.’ (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि हेड गॅस्केट म्हणजे तो व सिलिंडर असलेला खालचा ब्लॉक यांच्यामधला गळती रोखणारा पातळ थर.) गेल्या जुलैत ते वाक्य मला ऐकवण्यात आले. ज्या पुराव्याच्या आधारे ते सांगितले गेले तो किती तकलादू होता हे नंतर कळले, म्हणून हे पत्र.

माझी गाडी 17 वर्षांची आहे. मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येताना, चार माणसे आणि लग्नाचे सामान घेऊन भर दुपारी खंबाटकी घाट चढत असता तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला. गाडी कडेला घेतली, इंजिन पूर्ण थंड होऊ दिले आणि पाणी घालून घरी आलो. त्यानंतर कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीतली पातळी दर आठवड्याला बोटभर उतरू लागली. गाडीखाली मात्र थेंब दिसेना. जुलैत ऑइल ओतण्याचे झाकण उघडले, तेव्हा आतल्या बाजूला ताकासारखा पांढरट थर होता. मिस्त्रींनी तो बोटावर घेऊन मला दाखवला आणि तिथल्या तिथे निकाल दिला. कामाचा आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास होता.

संशय अगदीच निराधार नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. बऱ्याच इंजिनांत खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे एकदा जरी इंजिन फार तापले तरी हेड वाकू शकते आणि मधल्या गॅस्केटची पकड सुटू शकते. मग सिलिंडरमधला जळलेला वायू, ज्याचा दाब कूलंटच्या दाबापेक्षा कितीतरी पट जास्त असतो, पाण्याच्या वाटांमध्ये शिरतो; टाकीत बुडबुडे येतात आणि सकाळी गार इंजिन चालू केल्यावर दोन-चार मिनिटांतच रेडिएटरचा वरचा होज पाइप दगडासारखा घट्ट लागतो. रात्री इंजिन बंद असताना उलटे घडते, पाणी सिलिंडरमध्ये झिरपते. म्हणून पहिल्या स्टार्टला गाडी मिसिंग मारते, म्हणजे अडखळत चालते, आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा दाट पांढरा धूर येतो, जो इंजिन तापल्यावरही लवकर थांबत नाही.

माझ्या गाडीत यातले काहीच नव्हते. कूलंटची पातळी उतरत होती, पण निकाल दिला गेला तो झाकणाखालच्या थरावरून, आणि असा थर पावसाळ्यात पुष्कळ निरोगी गाड्यांतही सापडतो. भाजी आणायला दोन किलोमीटर जायचे आणि परत यायचे, असाच वापर असेल तर ऑइल पुरेसे तापत नाही, हवेतली वाफ गार झाकणाखाली साचते आणि ऑइलमध्ये घुसळली जाते. (सायलेन्सरमधून टपकणाऱ्या पाण्यालाही लोक असेच घाबरतात, वास्तविक एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी तयार होते.) खरी परीक्षा ऑइलच्या दांडीवर होते. दांडीवरचे ऑइलही दुधाळ असेल आणि त्याची पातळी आपोआप वाढत असेल, तर मात्र गाडी चालवूच नये, कारण पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगे वाचवू शकत नाही.

दुसऱ्या गॅरेजमध्ये मी आधी चाचण्या करायला सांगितल्या. त्यांच्याकडे निळ्या द्रावणाची नळी होती. रेडिएटरच्या तोंडावर ती बसवून, चालू गरम इंजिनच्या कूलंटवरची हवा त्या द्रावणातून खेचतात. हवेत जळलेला वायू असेल तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा होतो. आमचे द्रावण निळेच राहिले. एवढ्यावर गॅस्केट निर्दोष ठरत नाही, कारण काही गळत्या केवळ चढावर, इंजिनवर भार असतानाच होतात. म्हणून स्पार्क प्लग काढून तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजले. तेही एकसारखे भरले. शेवटी गार इंजिनच्या रेडिएटरला हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब दिला आणि दहा मिनिटांत वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून हिरवट थेंब उतरला. गरम इंजिनवर तो थेंब जमिनीवर पडण्याआधीच वाळत होता, मागे फक्त पांढरट डाग उरत होता. पंप, टायमिंग बेल्ट आणि रेडिएटरचे नवे झाकण मिळून खर्च पहिल्या आकड्याच्या पाचव्या हिश्शातही बसला.

माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीत मात्र द्रावण खरोखरच पिवळे झाले होते. त्यांनी कुणाच्या तरी सल्ल्याने रेडिएटरमध्ये गळती बुजवण्याचे रसायन ओतले आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) काढून टाकला. दोन महिने गाडी चालली. नंतर हेड खोलले तेव्हा रेडिएटरच्या बारीक नळ्या त्याच रसायनाने तुंबलेल्या होत्या आणि हेड एवढे वाकले होते की फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, उपयोग नव्हता. गळती सिद्ध झाल्यावर काम लांबवू नये आणि ते अर्धवटही करू नये. हेड सपाट पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पात्यांनी) तपासलेच पाहिजे, भेग आहे का हे पाहिले पाहिजे, आणि बोल्ट कंपनीच्या क्रमाने, टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळले पाहिजेत. ‘हाताच्या अंदाजाने’ आवळलेले हेड पुन्हा सहा महिन्यांत उघडलेले मी पाहिले आहे. काही इंजिनांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तेही विचारून घ्यावे.

पहिल्या मिस्त्रींनी मला फसवले असे मी म्हणत नाही. त्यांच्याकडे ती नळी नव्हती आणि अनुभवावरून बोलण्याची त्यांना सवय होती. पण गॅस्केट स्वतः फारशी महाग नसते, ती बदलण्याची मजुरी महाग असते, आणि ही मजुरी केवळ अंदाजावर आकारली जाऊ नये. गॅरेजचालकांच्या स्थानिक संघटनांनी आपल्या सभासदांना ही साधी उपकरणे ठेवण्याचा आणि हेड खोलण्यापूर्वी चाचणीचा निष्कर्ष जॉब कार्डावर (गाडीच्या कामाच्या नोंदीवर) लिहून देण्याचा आग्रह धरावा, अशी माझी विनंती आहे. चाचणीचे वेगळे पैसे द्यायला माझ्यासारखे ग्राहक तयार आहेत. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या मुलांकडूनही या चाचण्या वर्गात नुसत्या वाचून न घेता प्रत्यक्ष गाडीवर करून घ्याव्यात.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण कोणीही, मिस्त्री असला तरी, उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असते आणि झाकण सैल होताच उकळून अंगावर येते. घाटात दर उन्हाळ्यात हे करणारे दिसतात, म्हणून तेही लिहून ठेवतो.

आपला,
एक वाचक, सातारा